बंदीच्या दिवसांत होडीची बॅटरी

१ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात, शाकारतात, जाळी घरी जातात. बॅटरी मात्र इंजिनाशेजारीच राहते, आणि ३१ जुलैनंतर सेल्फ मारला की नुसती टकटक. मी बंदरावर होड्यांचं वायरिंग करतो. प्रत्येक नाखवाला माझं एकच सांगणं असतं: बॅटरी काढून घरी न्या. पडून राहिली तरी ती उतरत जाते, आणि उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं की ती पुन्हा नीट चार्ज घेत नाही.

काढताना सगळे स्विच बंद करा. आधी मायनसची वायर, मग प्लसची. बसवताना उलट, मायनस शेवटी. मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना इंजिनाला टेकला तर जोरात ठिणगी उडते. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी आधीच काढून ठेवा. बॅटरी सरळ उभी धरूनच उचला.

घरी जागा पडवीतली, वारा खेळेल अशी. स्वयंपाकघर नको, देवघर तर नकोच, तिथे समई तेवत असते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बिडी पेटवून बॅटरीवर वाकलेला माणूस दिसला की मी त्याला हाताला धरून बाजूला करतो. झाकणांची बारीक भोकं मोकळी हवीत. १०० ए-एचच्या (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला १० अँपियरच्या आसपास करंट पुरे. बॅटरीचं अंग जास्त तापलं तर थांबा. चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. महिन्यातून एकदा असं चार्जिंग झालं पाहिजे.

पाणी भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधीच भरलं तर ॲसिड उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं घाला. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. विहिरीचं किंवा घरच्या फिल्टरचं नको. ॲसिड तर ओतूच नका, उडतं ते फक्त पाणी. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

मग हायड्रोमीटर घ्या, म्हणजे बॅटरीतलं ॲसिडचं पाणी किती दाट आहे ते मोजणारी नळी. बॅटरीच्या सहाही घरांतलं (सेलमधलं) पाणी एकेक करून ओढा, तरंगता काटा नळीला चिकटला नाही ना ते बघा, आकडा डोळ्यासमोर धरून वाचा. पाच घरं १२५० दाखवतात आणि एक ११८०, तर ते घर गेलं समजा. नुसत्या व्होल्टमीटरवर हे कळत नाही. चार्जिंगनंतर काही तास ठेवून १२.६ व्होल्ट दिसले की बॅटरी भरली.

टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून काढा, पण झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये. पुसा, सुकवा, वायर जोडली की वरून व्हॅसलीन लावा.

होडीत परत बसवताना झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने आवळून, तळाला साचणाऱ्या पाण्यापासून उंचावर ठेवा. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. इंजिनखोलीत तसा उग्र वास आला तर कोणीही आत उतरू नये. फळ्या उघडा, वारा जिकडून येतो त्या बाजूला सगळ्यांना घ्या.