परसातल्या मांसल कोंबड्यांची पैदास : उन्हाळ्याच्या सतरा आठवडे आधीपासूनची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि आपल्याकडे वर्षातला सर्वांत तापलेला आठवडा कोणता असतो, त्यावर खूण करा. तयारी तिथून उलटी मोजायची. त्या आठवड्यात पिल्लं 10 आठवड्यांची झालेली हवीत, कारण छातीवर मांस धरू लागलेला कोंबडा उन्हात कसा वागतो ते याच वयात दिसतं. वाढीचे 10 आठवडे, उबवणीचे 3, अंडी साठवायचा 1 आणि त्याआधी नर-माद्या एकत्र ठेवण्याचे 3, असे 17 आठवडे होतात.

बहुतेक जण नेमकं उलट करतात. उन्हाळा सरला की अंडी बसवतात, कारण तेव्हा पिल्लं कमी मरतात. ते खरंच आहे. पण त्या पिल्लांनी ऊन पाहिलेलंच नसतं, आणि त्यांच्यातूनच पुढचे आईबाप निवडले जातात. उन्हात टिकणारी जात हवी असेल तर निवड उन्हातच व्हायला हवी. एवढ्या एका गोष्टीसाठी मी बाकीचं सगळं वेळापत्रक बदललं. यात दुसरा फायदाही आहे. कडक उन्हात कोंबड्याच्या वीर्याचा दर्जा घसरतो आणि तो सावरायला पुढे काही आठवडे जातात. उलट मोजणी केली की उबवणीची अंडी थंड दिवसांतली मिळतात आणि त्यांतली फळलेली जास्त निघतात.

आता मूळ पक्षी. बाजारातली ब्रॉयलर पिल्लं वाढवून त्यांचीच पैदास करायचा मोह होतो, तो आवरा. ती कित्येक वेगळ्या वंशांच्या संकरातून आलेली असतात, त्यामुळे पुढची पिढी एकसारखी निघत नाही. शिवाय पोटभर खाऊ घातलं तर पैदाशीचं वय येईपर्यंत त्यांचे पाय आणि हृदय थकतं. वजनदार अंगात उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर टाकायला त्वचा त्या मानाने कमी पडते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि जास्तीची उष्णता ती धापा टाकून, तुऱ्यातून, चोचीखालच्या लोंबत्या लाल त्वचेतून आणि पंखाखालच्या उघड्या त्वचेतून घालवते. म्हणून मोठा एकेरी तुरा, उंच पाय, अंगाला चिकटून असलेली आखूड पिसं हे गुण बघून घ्या. रुंद छातीसाठी असील किंवा कॉर्निश जातीच्या रक्ताचा नर, आणि अंडी बऱ्यापैकी देणाऱ्या, उन्हाला सरावलेल्या माद्या, ही जोडी सुरुवातीला पुरेशी आहे. फक्त असीलचा तुरा लहान असतो आणि नर भांडखोर असतात. दोन नर एका खुराड्यात ठेवू नका.

उघड्या मानेचा एखादा नर मिळाला तर तो आधी घ्या. मान उघडी पाडणारं जनुक एकच आहे आणि ते प्रभावी आहे, त्यामुळे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी मान उघडी पडते. एकेरी जनुकाच्या पक्ष्याच्या मानेवर पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो. दोन्हीकडून आलं असेल तर मान जवळजवळ सगळीच बोडकी असते. हे पहिल्याच दिवशी ओळखता येतं. पिल्लू वाळून मऊ झालं की तळहातावर घ्या आणि मान हलकेच वर करा. गुलाबी कातडी दिसते आणि गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीच्या वर लवेचा एक ठिपका असतो किंवा नसतो. त्या पक्ष्यांच्या अंगावर एकूण पिसंही कमी असतात आणि पिसं म्हणजे प्रथिनं. जे पिसांत जात नाही ते मांसाकडे वळू शकतं. दुहेरी जनुकाचा नर साध्या माद्यांना दिला तर सगळी पिल्लं उघड्या मानेची होतात, एकेरीचा दिला तर साधारण निम्मी. दोन्ही बाजूंनी उघड्या मानेचेच ठेवायची घाई करू नका, दुहेरी जनुकाच्या अंड्यांतून पिल्लं थोडी कमी निघाल्याचं आढळतं.

किती पक्षी? तीन घराणी करा, म्हणजे तीन वेगळे कप्पे, प्रत्येकात एक नर आणि 8 माद्या, आणि प्रत्येक घराण्याचा एक राखीव नर वेगळा. एकाच नरावर चाललं तर दोन-तीन पिढ्यांतच भावंडांची जुळणी सुरू होते, अंडी कमी फळतात आणि पिल्लं अशक्त निघतात. नियम सोपा आहे : मुली आईच्या कप्प्यात राहतात, मुलगे पुढच्या कप्प्यात जातात. पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. तीन रंगांच्या पायकड्या आणि एक जाड वही आत्ताच आणून ठेवा. एका दिवसाच्या पिल्लाच्या पायात कडी टिकत नाही, त्याच्या बोटांमधल्या पडद्याला खूण करायचा छोटा पंच मिळतो, तो घ्या. माद्या आधी दुसऱ्या नराबरोबर असतील तर नवा नर सोडल्यावर 3 आठवडे अंडी उबवणीला घेऊ नका, जुन्या नराचं वीर्य मादीच्या अंगात तेवढे दिवस टिकू शकतं. वर मोजलेले 3 आठवडे याचसाठी आहेत.

कोंबड्यांच्या घराचं काम या काळात उरका. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत येत नाही. त्या बाजू जाळीच्या, छपराची पाखी हातभर बाहेर, पत्र्यावर पांढरा चुना. जमिनीवरची भुशाची गादी उन्हाळ्यात पातळ ठेवा. पैदाशीच्या जड पक्ष्याला किमान 3 चौरस फूट जागा लागते. उंदीर, मुंगूस, साप यांची वाट बंद झाली का ते रात्री बॅटरी घेऊन बघा, दिवसा भोकं दिसत नाहीत.

पाण्यावर कंजूषी नको. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, कडक उन्हात चौपट किंवा त्याहूनही जास्त. भांडी वाढवा, सावलीत ठेवा, उघड्या टाकीतून उन्हात तापत येणारी नळी झाका. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी उचलून ठेवा. खाल्ल्यावर काही तासांनी पचनाची उष्णता चढते आणि ती भर दुपारी नको. अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर हवं. धापा टाकताना कोंबडी श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकते आणि त्याचा परिणाम कवचावर होतो; उन्हाळ्यात कवचं पातळ होतात ती यामुळेही. नरांना मात्र अंड्यावरच्या माद्यांचं खाद्य सतत देऊ नका.

अंडी साठवण्याची जागा ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. एका हंगामात मी अंडी पत्र्याच्या खोलीत टोपलीत ठेवली होती. उबवणीच्या सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरली तर निम्म्याहून जास्त स्वच्छ दिसली, आत गर्भ दिसेना. नर नापीक आहे असं समजून मी तो बदलायला निघालो होतो. मग चार अंडी बशीत फोडली. पिवळ्या बलकावर पांढुरकी वर्तुळं पसरलेली होती, एकात तर रक्ताची बारीक कडी. म्हणजे अंडी फळलेली होती. मशीनमध्ये जाण्याआधीच उन्हाच्या उबेनं गर्भ वाढू लागला होता आणि मग खुंटला. गर्भ साधारण 20-21 अंशांच्या खाली शांत राहतो, त्याच्या वर हळूहळू जागा होतो. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करा, 15 ते 18 अंशांच्या जागेत निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि 7 दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. तशी खोली नसेल तर पाण्याचा मोठा माठ, त्याभोवती ओलं गोणपाट आणि शेजारी अंड्यांचा ट्रे एवढंही खूप उपयोगी पडतं. अंडी मात्र ओली होऊ देऊ नका आणि धुऊही नका.

उबवणी यंत्र 3 दिवस आधी रिकामं चालवून बघा. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश, पहिले 18 दिवस ओलावा 50-55 टक्के, शेवटचे 3 दिवस 65-70. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद. वीज जाते तिथे पर्याय तयार ठेवा. खुडूक कोंबडी असली तर सोन्याहून पिवळं, मोठ्या कोंबडीखाली 10-12 अंडी बसतात. अंड्यांचा हिशेब असा धरा : 24 माद्या, निम्म्या रोज घालणाऱ्या, आठवड्यात 84 अंडी, त्यांतून 50 पिल्लं निघाली तर सुमारे 25 नर. त्यांतले तुम्ही तीन ठेवणार आणि तीन राखीव. निवडीला वाव राहतो तो एवढ्यामुळे, म्हणून अंडी कमी बसवू नका.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी. उष्ण भागात दिवसा दिवा विझवावा लागतो आणि पहाटे लावावा लागतो, तेव्हा आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा : चिवचिवत एका ढिगात असली तर थंडी वाजते, कडेला चोच उघडी टाकून पसरली तर गरम होतंय. लसी पशुवैद्यकांकडून आधी ठरवून घ्या. मानमोडी, गंबोरो आणि देवी या तीन तरी चुकवू नयेत. रक्ती हगवणीसाठी गादी कोरडी ठेवणं हाच मुख्य उपाय.

आठव्या आठवड्यात सकाळी खाद्याआधी सगळ्यांचं वजन करा. काटा, पोतं आणि लिहायला एक माणूस लागतो. दहाव्या-बाराव्या आठवड्यात पुन्हा. आणि सर्वांत तापलेल्या दुपारी वही घेऊन तासभर सावलीत बसा. सावली, पाणी, वारा हे सगळं पुरतं द्यायचं; पक्ष्यांना हाल सोसायला लावून निवड करायची नाही. मला एका दुपारचे दोन सख्खे भाऊ आठवतात, वजनात जेमतेम 60 ग्रॅमचा फरक. जड होता तो छाती जमिनीला टेकून, मान लांब करून धापत होता, तुरा निळसर पडू लागलेला. त्याला लगेच उचलून पाय गार पाण्यात धरले. दुसरा पंख अंगापासून थोडे सुटे धरून उभा होता, मधेच माठाखालची ओली माती उकरत होता आणि पाण्याकडे चालत जात होता. दुसरा ठेवला.

वजनाच्या वरच्या यादीतूनच असे नर घ्या. छातीचं हाड सरळ आहे का ते बोटानं चाचपा, दोन पायांत पुरेसं अंतर आहे का बघा, चाल वाकडी असेल तर कितीही जड असला तरी बाजूला काढा. माद्यांत निम्म्या ठेवल्या तरी चालतं. मग पायकड्या चढवा, प्रत्येक नर त्याच्या पुढच्या कप्प्यात सोडा आणि वहीत तारीख लिहा.