बुटका हायड्रेंजिया फुलवायचा कसा?

रोप घेताना त्यावर फुलं किती आहेत हे सगळेच बघतात, जात मात्र क्वचितच कुणी विचारतं. ती आवर्जून विचारा. गोल गेंदासारखे गुच्छ आणि मोठी, जाडसर पानं असतील तर तो बहुधा मॅक्रोफिला. निमुळते, शंकूसारखे तुरे असतील तर पॅनिक्युलाटा. दोन्हींत तीन फुटांच्या आसपास थांबणाऱ्या जाती मिळतात.

१. जागा: सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. पॅनिक्युलाटा याहून जास्त ऊन सोसतो.

२. लावणी: मुळं उथळ पसरतात. म्हणून खड्डा मातीच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद घ्या. मातीत कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. वर दोन इंच पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला टेकू देऊ नका. कुंडीत लावत असाल तर तळाची भोकं मोकळी हवीत.

३. पाणी: भर दुपारी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात. लगेच झारी उचलू नका, आधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर झाड तहानलेलं नाही, उन्हाने दमलंय. संध्याकाळी पानं आपोआप ताठ होतील. माझं पहिलं झाड मी असंच पाणी घालघालून कुजवलं.

४. छाटणी: फुलं न येण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्या हातातली कात्रीच असते. मॅक्रोफिला पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा सरता सरता जुन्या फांद्यांवरच धरतो. हिवाळ्यात त्याला ‘नीटनेटका’ केलात की वर्षभर नुसती पानं बघायची. सुकलेला गुच्छ फुलोरा ओसरताच कापा, तोही त्याच्याखालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या (फांदीवरच्या कोंबांच्या) जोडीच्या जरा वर. पॅनिक्युलाटाचं उलट. तो नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे हिवाळा संपता संपता एक तृतीयांश छाटला तरी चालतो. मेलेली फांदी ओळखायला नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर राहू द्या.

५. खत: वसंतात एकदा कंपोस्ट पुरे. नत्र जास्त झालं की पानंच माजतात.

६. रंग: हा खेळ मुख्यतः मॅक्रोफिलाचा. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 5.5 च्या खाली असला की मुळांना ॲल्युमिनियम मिळतं आणि फुलं निळी होतात, 6.5 च्या वर ती गुलाबी. निळ्यासाठी चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ॲल्युमिनियम सल्फेट विरघळवून ओल्या मातीत घाला. जास्त घातलंत तर मुळं भाजतात. फरक दिसायला एखादा हंगाम जातो. गुलाबीसाठी थोडा बागेचा चुना. पांढऱ्या जातीवर मात्र यातलं काहीच चालत नाही.

घरात कुत्रं-मांजर असेल तर झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. पानं, कळ्या पोटात गेल्या तर बाधतात.