गोली व्हायचंय? आधी ढकलायला शिका, मग घसरायला

हौशी आइस हॉकीत गोलींचा, म्हणजे गोलरक्षकांचा, कायम तुटवडा असतो. टोरोंटोच्या आसपास ‘मी गोली आहे’ एवढं म्हटलं, की नवशिक्यालाही रात्री अकराच्या मॅचला बोलावणं येतं, आणि बऱ्याचदा बर्फाच्या मैदानाच्या भाड्यातला त्याचा वाटाही माफ होतो. त्यामुळे स्केटिंग धड यायच्या आतच माणूस सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळ्यासमोर उभा राहतो. टीव्हीवर बघितलेलं बटरफ्लाय त्याला लगेच करायचं असतं: गुडघे जोडीने टेकायचे, पायांवरचे पॅड दोन्ही बाजूंना पसरायचे आणि तसंच या खांबाकडून त्या खांबाकडे सरकायचं. टेकणं पटकन जमतं, सरकणं मात्र जमत नाही. मी तिशी उलटल्यावर या खेळात पडलो, त्यामुळे इथे लिहितोय ते मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांसाठी.

सरकण्याचा जोर गुडघ्यात नसतो. तो मागच्या पायाच्या ब्लेडच्या आतल्या कडेत असतो, आणि ती कड कामाला येते शरीर आधी वळलं तरच. समजा, पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) तुमच्या उजवीकडे आहे आणि पास डावीकडे गेला. पहिल्यांदा नजर वळते, पाठोपाठ डोकं, हात आणि स्टिक. छाती नव्या दिशेला झाली, की उजव्या स्केटची आतली कड बर्फात रुतवायची आणि डावा गुडघा खाली जाता जाता उजव्या पायाने ढकलायचं. डावा गुडघा जिकडे जायचं तिकडेच रोखलेला हवा. ढकलून झालं की उजवा पाय मागे रेंगाळू द्यायचा नाही, लगेच आत ओढून पायांमधली फट बुजवायची. पकचा व्यास तीन इंच आणि जाडी एक इंच. त्याला फार मोठी वाट लागत नाही.

नवखा नेमका वळणं गाळतो. तोंड समोरच ठेवून खेकड्यासारखा आडवा ढकलतो, आणि मग गोलरेषेला समांतर, जाळ्याच्या पार आत घसरत जातो. नेम धरणाऱ्याला अर्धं जाळं उघडं मिळतं. क्रिकेटमध्ये कीपिंग केलेल्यांची अडचण आणखी वेगळी. हात चेंडूकडे झेपावतात, खांदा झुकतो आणि धड मागे राहतं. इथे हात अंगासमोर ठेवून अख्खं धड पकच्या रेषेत न्यायचं असतं. कंबर सरळ ठेवा. पुढे कोसळलात तर वरचे दोन फूट दान केल्यासारखे आहेत.

ढकलणं बरोबर होतंय का, हे बर्फच सांगतो. सराव सुरू होताना, बर्फ नितळ असताना, एकदा ढकला आणि मागे वळून खूण बघा. आखूड, खोल रेघ दिसली तर कड रुतली. लांबलचक खरवडल्यासारखा पांढरा पट्टा दिसला तर पाय निसटला, म्हणजे वजन त्या पायावर आलंच नव्हतं. मॅचआधी गोली आपल्या क्रीजमध्ये, म्हणजे जाळ्यासमोरच्या आखलेल्या जागेत, इकडून तिकडे ब्लेड घासत असतात ते उगाच नाही. झाम्बोनी (बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र) फिरून गेल्यावर बर्फ ओलसर आणि गुळगुळीत असतो, त्यावर कड धरत नाही आणि पॅड हवे त्यापेक्षा लांब जातात. उलट तासाभराने भुगा साचला की त्याच जोरात तुम्ही निम्म्या वाटेत अडकता. दोन्ही सवयी लागतात.

ब्लेडच्या धारेबद्दल जुने लोक सांगतील की गोलीला बोथटच बरी. उभ्याने खेळायच्या जमान्यात ते ठीक होतं. ग्लेन हॉल या गोलीने गुडघे आत घेऊन बसायची पद्धत आणली, १९८६ मध्ये पॅट्रिक रॉय या गोलीने मॉन्ट्रियलच्या संघाला स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक लीगचा करंडक, मिळवून दिला, आणि त्यानंतर सगळी पिढीच गुडघ्यांवर आली. गुडघ्यावरून ढकलताना ब्लेड फार तिरका लागतो, तिथे बोथट कड कामाची नाही. ब्लेडच्या तळाला दोन कडांमध्ये गोलसर खाच असते आणि धार तिच्या त्रिज्येवरून मोजतात. दुकानात सुरुवातीला अर्ध्या इंचाची धार मागा, निसटत असेल तर ३/८ इंच करून बघा. आकडा लहान तेवढी खाच खोल. पॅडचे पट्टेही करकचून आवळू नका. टेकल्यावर पॅड नडगीभोवती फिरून त्याची समोरची बाजू पककडे यायला हवी. आवळलेला पॅड फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो.

खुब्यांबद्दल थोडं सविस्तर. बटरफ्लायमध्ये मांडीचं हाड आतल्या बाजूला फिरतं. आपण जन्मभर मांडी घालून बसलेले, म्हणजे नेमकं उलट. खुर्चीत बसा, गुडघे जागेवर ठेवा आणि पावलं बाहेरच्या बाजूला न्या. जिथे अडतं तिथपर्यंतच तुमचं बटरफ्लाय. वीरासनात बसायची सवय असेल तर अर्धं काम झालंय, नसेल तर ढुंगणाखाली उशी घेऊन हळूहळू सुरू करा. जांघेत चिमटा बसल्यासारखं दुखलं तर ताणत राहू नका, फिजिओकडे जा. अरुंद बटरफ्लाय घेऊनही चांगलं खेळता येतं.

माझं मत विचाराल तर पहिले काही महिने घसरण्याचा सराव निम्म्याहून कमी ठेवा. पाय काटकोनात ठेवून मारायचा टी-पुश आणि छोट्या पावलांचा शफल हे पक्के करा. पास लांबून येत असेल तर उभ्यानेच पोचायला वेळ असतो, आणि उभा गोली पुन्हा दिशा बदलू शकतो. घसरायचं ते पास जाळ्याजवळून आडवा गेला आणि फटका लगेच येणार असेल तेव्हा.

घसरून पोचल्यावर थांबणं हा स्वतंत्र सराव आहे. तो कुणी करत नाही. क्रीजच्या कडेला एक पक ठेवा, तिथवर सरका आणि त्याच्यासमोर थांबा. मग ज्या बाजूला जायचं तिच्या उलट बाजूचा गुडघा उचला, ब्लेड बर्फाला लागू द्या, नजर परत पहिल्या जागेकडे वळवा आणि उठण्याआधीच परत ढकला. नवखे नेहमी जवळचा पाय उचलतात, आणि तेवढ्यात गोल होतो. मित्राला जाळ्यामागून फोनवर चित्रित करायला सांगा. समोरून वळणं दिसत नाही.