अलंकार, शब्दशक्ती, वृत्त: व्याख्या पाठ न करता ओळखायचे कसे

बीएला असताना माझी एक वही होती. त्यात ऐंशी-नव्वद संज्ञा, समोर व्याख्या आणि प्रत्येकीला एकच उदाहरण. पेपरात वहीतलंच उदाहरण आलं तर मी राजा, नवी ओळ आली की घाम. नंतर ती वही बाजूला टाकली आणि उलटं सुरू केलं, एकच कल्पना घ्यायची आणि तिला सगळ्या अलंकारांतून फिरवून आणायची, मग फरक आपोआप दिसतो. चंद्र आणि मुख सगळ्यांनी वापरून झिजवलंय म्हणून आपण डोळे आणि विहीर घेऊ.

डोळे हे उपमेय, म्हणजे ज्याबद्दल बोलायचंय ते. विहीर हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. खोली हा दोघांत सारखा असलेला गुण, साधारण धर्म. आणि सारखे, जणू, समान वगैरे साम्यवाचक शब्द. एवढे चार भाग हाताशी असले की पुढचं सोपं आहे.

तिचे डोळे विहिरीसारखे खोल, ही उपमा. तिचे डोळे जणू विहीरच, ही उत्प्रेक्षा. मी तिच्या डोळ्यांच्या विहिरीत बुडालो, इथे दोन्ही वेगळे उरलेच नाहीत म्हणून रूपक. डोळे कसले, विहिरीच त्या! इथे उपमेयच नाकारलं, अपन्हुती. हे डोळे की विहिरी? ठरत नाहीये, ससंदेह. तहानलेलं पाखरू तिच्या डोळ्यांवर चोच टेकवायला आलं, त्याला खरंच विहीर वाटली, म्हणजे भ्रांतिमान. विहिरीला निदान तळ तरी असतो, हिच्या डोळ्यांना तोही नाही, उपमेय उपमानाच्या वरचढ झालं की व्यतिरेक. आणि तिचे डोळे तिच्याच डोळ्यांसारखे, दुसरं उपमान सापडतच नाही, तो अनन्वय.

आता स्वतःचं एक उपमेय-उपमान घ्या आणि हीच फेरी पूर्ण करा, जमलं तर साम्यावरचे अर्थालंकार, म्हणजे अर्थावर उभे असलेले अलंकार, बरेचसे आटोपले. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा, उपमेयाचं काय झालं? शेजारी उभं राहिलं, मिसळलं, नाकारलं गेलं, की जिंकलं?

खुणेच्या शब्दांवर मात्र आंधळा विश्वास नको. 'पाऊस सारखा पडतोय' यात सारखा आहे म्हणून कोणी उपमा लिहिली तर काय म्हणणार, इथे सारखा म्हणजे सतत. हसू नका, परीक्षेच्या घाईत असलं लिहिलं जातं, मीही लिहिलंय.

शब्दालंकारांवर, म्हणजे शब्दांवर उभ्या अलंकारांवर, फार वेळ घालवू नका, ते कानाला कळतात. अक्षर परत परत वाजलं की अनुप्रास, ठरावीक जागी तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने आली की यमक, एका शब्दात दोन अर्थ असले की श्लेष. श्लेषाची चाचणी सोपी आहे, तो शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द टाका, गंमत गेली तर शब्दश्लेष.

खरी मजा शब्दशक्तीत, म्हणजे शब्द अर्थ कसा पोचवतो त्यात, आहे आणि नेमकं तेच वर्गात दहा मिनिटांत उरकतात. आपली विहीरच पुढे नेऊ. 'विहिरीत पाणी नाही', जे म्हटलंय तेच सांगायचंय, अभिधा. 'विहीर आटली', आता नीट बघा, विहीर थोडीच आटते, आटतं ते पाणी, म्हणजे सरळ अर्थ अडला आणि आपण त्याला लागून असलेला अर्थ घेतला, लक्षणा. आता समजा एका म्हातारीला कोणी विचारलं, आजी, तुम्हाला रडू कसं येत नाही हो, आणि ती एवढंच म्हणाली, 'विहीर आटली बाळा.' इथे विहिरीचा विषयच नाहीये. जे ऐकू आलं ते शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही, ती व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि चांगल्या काव्याचा आत्मा म्हणजे हाच न बोललेला अर्थ, ध्वनी, असं मांडलं. आधुनिक कवितेतली प्रतिमा आणि प्रतीक यांच्यातला फरकही इथूनच पकडा, ढोबळमानाने विहीर डोळ्यांसमोर उभी राहिली की प्रतिमा, आणि ती कवितेत पुन्हा पुन्हा येऊन स्वतःपलीकडच्या कशाकडे तरी बोट दाखवायला लागली की प्रतीक.

रसाबद्दल, म्हणजे कविता वाचताना मनात जागणाऱ्या भावाच्या आस्वादाबद्दल, एकच गोष्ट सांगतो. नायिका रडते म्हणून करुण रस, असं लिहू नका. रडणं पात्राचं, रस वाचणाऱ्याला येतो. आणि प्रियकर परत यायची आशा जिवंत असेल तर तो विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातला शृंगार, भेट कायमची संपली असेल तर करुण. नवरस म्हणतो आपण पण भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात आठच मोजलेत, शांत नंतर आला.

आता वृत्त, म्हणजे ओळीची लय ठरवणारा साचा, जिथे सगळे पेन खाली ठेवतात. आधी लघु-गुरु, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं. अ, इ, उ, ऋ असलेली अक्षरं लघु, बाकी स्वरांची गुरु, अनुस्वार-विसर्ग असला तरी गुरु, आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरु. 'कर्म' मधला क गुरु, पण 'तुझ्या' मधला तु लघुच, कारण मराठीत आपण तिथे जोर देत नाही. मोठ्याने म्हणून बघा, डोळ्यांनी ठरवू नका. मग तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे आणि 'यमाताराजभानसलगा' वापरायचं, हव्या त्या अक्षरापासून तीन अक्षरं उचला, तो गण. यमाता म्हणजे लघु गुरु गुरु, य गण. राजभा म्हणजे गुरु लघु गुरु, र गण.

मनाच्या श्लोकांतली ओळ घेऊ, मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. म-ना-सज्, लघु गुरु गुरु. ज-ना-भक्, तेच. ति-पं-थे, तेच. चि-जा-वे, परत तेच. चार य गण, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. इथे कोणी 'भक्तीपंथेची' असं दीर्घ लिहिलं की दोन गण मोडले, कवितेत ऱ्हस्व-दीर्घ हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न नसतो तो असा.

काही ओळींत मात्र गण पाडायला गेलात तर काहीच जुळत नाही, तेव्हा मात्रा मोजा, लघुची एक, गुरुच्या दोन. 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मोजा, बारा, अठरा, बारा, अठरा. आर्या हे असंच मात्रा मोजून बांधलेलं वृत्त, म्हणजे ज्या ओळी आर्येचं कौतुक करतात त्या स्वतःच आर्येच्या घरातल्या, गीती. मला हे कळलं त्या दिवशी मी रस्त्याने बोटं मोजत चाललो होतो. आणि मात्राही नाही जुळल्या तर नुसती अक्षरं मोजा, मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार असा हिशोब असतो आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला.

उत्तर लिहिताना 'या ओळीत रूपक अलंकार आहे' एवढ्यावर थांबू नका, मी थांबायचो आणि पाचातले दोन मिळायचे. नाव, मग ते नेमकं कोणत्या शब्दात आहे ते, मग त्याने ओळीत काय झालं ते लिहा. जसं की, 'डोळ्यांच्या विहिरीत बुडालो' या रूपकात डोळे आणि विहीर एक झाल्यामुळे बघणाऱ्याला परतीची वाट उरत नाही, 'सारखे' म्हटलं असतं तर तो काठावर उभा राहिला असता.