ताण उतरवायला जाता आणि वाढवून बसता? या चुका टाळा

परवा डोंबिवलीला उतरून घरी आलो, तर दारातच मुलाची चप्पल आडवी पडलेली. मी असा ओरडलो की तो शब्द न बोलता आत निघून गेला. तो आवाज चप्पलेसाठी नव्हताच. दुपारी साहेबांसमोर गिळलेला होता. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच: ताण आला तिथे ओळखायचा नाही आणि काढायचा भलत्यावरच.

डोक्याआधी शरीर सांगत असतं. लोकलमध्ये स्वतःकडे बघा: दातांवर दात आवळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. ॲड्रेनालिन, मागोमाग कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स सुटलेली; शरीर पळायच्या तयारीत आणि आपण फोर्थ सीटवर अर्धे लटकलेले! 'दीर्घ श्वास घे' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. श्वास सावकाश सोडण्यात खरी मेख आहे. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. ठोके मंदावतात. आणि पळायला तयार झालेल्या शरीराला थोडं चालवा. स्टेशनवरून रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा मी वीस मिनिटं चालत येतो. रांगेतली भांडणंही वाचतात.

दुसरी चूक चहाची. 'डोकं भणभणतंय, एक कटिंग मार.' अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अजून अर्धा शिल्लक. मग झोप उथळ, सकाळी चिडचिड, पुन्हा चहा. तीननंतरचा चहा मी सोडला. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, हेही सांगून ठेवतो. दारूचंही तसंच, झोप पटकन लागते पण पहाटे मोडते.

रविवारी दहापर्यंत लोळलं की रात्री झोप येत नाही, सोमवार तिथेच बिघडतो. अंथरुणात ऑफिसचा ग्रुप उघडू नका. उद्याची कामं कागदावर उतरवून मोकळे व्हा.

छातीत दुखलं तर 'टेन्शन असेल' म्हणून बसून राहू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर श्वास मोजत बसण्यात अर्थ नाही. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे: १४४१६. रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं.