मुलांच्या कॅन्सर ट्रायलवर कोऑर्डिनेटर म्हणून काम सुरू करताना

बाल कर्करोग विभागात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झालात की आधी हातात पडतो तो जाडजूड प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायल कशी चालवायची याची नियमावली. तो पूर्ण वाचायचाच आहे, पण मी नव्या माणसाला आधी त्यातला एकच तक्ता उघडायला लावते. कोणत्या दिवशी कोणती तपासणी, कधी रक्त, कधी बोन मॅरो, हे त्यात असतं. तो तक्ता एखाद्या खऱ्या मुलाला लावून बघा.

समजा, मूल १० किलोचं आहे. किलोमागे साधारण ८० मिलि धरलं, तर अंगात रक्त ८०० मिलि. युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात की संशोधनासाठी एका वेळी १ टक्क्याहून आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांहून जास्त रक्त जाऊ नये. म्हणजे ८ मिलि आणि २४ मिलि. आता औषधाची रक्तातली पातळी बघायला पहिल्या दिवशी सहा वेळा दोन-दोन मिलि घ्यायचं असेल, तर झाले १२. एका वेळी दोनच मिलि, म्हणून कागदावर बसतं. पण सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून नमुना घेताना सुरुवातीचं थोडं रक्त बाजूला काढावं लागतं. ते दर वेळी ३ मिलि धरून टाकून दिलं, तर आणखी १८. एकूण ३०, म्हणजे महिन्याची मर्यादा एका दिवसात ओलांडली. वाया जाणारं रक्तही या मर्यादेत मोजायचं असतं. हा हिशेब पहिलं मूल दाखल होण्याआधी करा आणि वॉर्डच्या सिस्टरांसोबत बसून करा. लाइन कशी हाताळतात, रक्त वाया न घालवता नमुना घेता येईल का, कोणता नमुना रोजच्या तपासणीसोबतच निघेल, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकत नाही. तरीही आकडा बसत नसेल, तर मुख्य संशोधकांमार्फत स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायलची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेला, लेखी कळवा.

उंची-वजनाचंही तसंच. केमोचे बरेच डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतात, आणि स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाचं वजन झपाट्याने बदलतं. वजन किती बदललं की डोस पुन्हा काढायचा, हे प्रोटोकॉलमध्ये दिलेलं असतं. ते पान खूण करून ठेवा.

या कामातला सगळ्यात नाजूक भाग संमतीचा. आईवडिलांना निदान कळून जेमतेम दोन-चार दिवस झालेले असतात. समजावण्याची जबाबदारी डॉक्टरांची, पण डॉक्टर उठून गेल्यावर खरे प्रश्न तुमच्याकडे येतात. ‘नाही म्हटलं तर उपचार थांबतील का?’ हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, विचारतात थोडेच. म्हणून तो विचारायची वाट न बघता उत्तर द्या: नाही, थांबणार नाहीत, आणि हो म्हटल्यावरही कधीही बाहेर पडता येतं. ‘समजलं ना?’ असं विचारू नका, मान हलतेच. त्याऐवजी, ‘घरच्यांना फोनवर हे कसं सांगाल?’ असं विचारा. त्यांच्या उत्तरातून कळतं कुठे अडलंय ते. सहसा अडतं रँडमायझेशनवर, म्हणजे मुलाचा गट चिठ्ठी काढल्यासारखा ठरण्यावर. कोणता गट मिळणार हे डॉक्टरही ठरवत नाहीत, हे पचायला वेळ लागतो. अशा ट्रायलमध्ये एका गटाला सहसा आजवरचा सर्वोत्तम उपचार मिळतो आणि दुसऱ्याला त्यात केलेला बदल. आपल्या मुलाला औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या देऊन बसवतील, ही भीती तिथे दूर करता येते.

फेज वनमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या अगदी पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये, मात्र जास्त जपून बोला. तिथे मुख्य प्रश्न सुरक्षित डोस कोणता हा असतो. आशा असू द्या, पण तुमच्या तोंडून तिचं आश्वासन होऊ देऊ नका.

मुलाची स्वतःची संमती कोणत्या वयापासून घ्यायची, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. नियम काहीही असो, मुलाशी बोलाच. सुया किती, शाळा कधी, केस जातील का, या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. आणखी एक गोष्ट, जी बरेचदा विसरली जाते: ट्रायल चालू असताना मूल सज्ञान झालं, तर त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते.

एवढी काटेकोर कागदपत्रं कशाला, असं पहिल्या काही आठवड्यांत वाटेल. १९४८ मध्ये बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमायनोप्टेरिन हे औषध दिलेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) १६ मुलांचा अनुभव मांडला. त्यातल्या १० जणांना सुधारणा दिसली, तीही तात्पुरती. आज साधनसंपन्न देशांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची सुमारे ९० टक्के मुलं वाचतात. औषधं तीच ठेवून नुसते डोस आणि क्रम बदलूनही यातली बरीच मजल मारली गेली, आणि ती एकामागून एक ट्रायलमधून. २०२४ मध्ये याच आजारावरच्या ब्लिनाट्यूमोमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले: केमोला त्याची जोड दिलेल्या गटात तीन वर्षं आजार न उलटता राहिलेली मुलं ९६ टक्के, नुसत्या केमोच्या गटात ८७.९ टक्के. हा फरक दिसतो तो प्रत्येक केंद्रावर कोणीतरी तारखा आणि आकडे बरोबर लिहिलेले असतात म्हणूनच.

म्हणून ‘रात्री ताप आला’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. किती वाजता, किती डिग्री, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती, अँटिबायोटिक कधी सुरू झालं, सगळं हवं. त्या तापासाठी मूल दाखल झालं, तर ती गंभीर घटना ठरते आणि स्पॉन्सरला सहसा २४ तासांत कळवावी लागते. काही प्रोटोकॉल अपेक्षित तापाला सूट देतात. तुमचा देतो का, हे आधीच बघून ठेवा.

काही मुलं जातात. तुम्ही रोज ज्यांच्याशी बोलता त्यांतलीच. फॉर्म तेव्हाही भरावा लागतो. तो एकट्याने भरू नका, सहकाऱ्याला शेजारी बसवा. जी बरी होतात त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो, कारण अँथ्रासायक्लिनसारख्या केमोच्या औषधांचा हृदयावरचा परिणाम पुष्कळ उशिराही दिसू शकतो. अशा पाठपुराव्याचा फोन करण्याआधी दर वेळी ताजी नोंद बघा. मूल गेलेल्या घरी ‘कसा आहे आता?’ असा फोन जाता कामा नये.

नर्सिंग, फार्मसी, जीवशास्त्र, कुठूनही या कामात येता येतं. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रशिक्षण मात्र लागतंच. मुलाखतीत पगाराइतकंच ठामपणे विचारा, की एका कोऑर्डिनेटरकडे किती ट्रायल असतात आणि त्यांतली किती मुलं सध्या प्रत्यक्ष उपचारांवर आहेत. दुसरा आकडा सांगायला कोणी टाळाटाळ केली, तर वॉर्ड बघू द्या म्हणा आणि तिथल्या कोऑर्डिनेटरशी बोलूनच हो म्हणा.