रूट वर्ड्स पाठ आहेत तरी बायोलॉजी अडतंय? या चुका टाळा

हायस्कूलच्या बायोलॉजीत नवीन शब्दांचा इतका मारा असतो की मुलं गांगरून जातात, मग कोणीतरी सांगतं की अरे रूट वर्ड्स (ज्या ग्रीक-लॅटिन तुकड्यांतून हे शब्द बनतात ते) कर, सगळं सोपं होईल. आणि होतं सोपं, खरंच होतं. पण बरीच मुलं ग्रीक-लॅटिन तुकड्यांची दोनशेची यादी घोकतात आणि टेस्टमध्ये नवा शब्द आला की तिथेच अडकतात. चूक मेहनतीत नसते, पद्धतीत असते.

यादी आधी आणि शब्द नंतर, ही पहिली गडबड. नुसतं "ऑस्टिओ म्हणजे हाड" आठवड्याभरात उडून जातं. त्यापेक्षा शब्दांची कुटुंबं करा. सायटो किंवा साइट म्हणजे पेशी हे एकदा पक्कं झालं की ल्यूकोसाइट (पांढरी पेशी), एरिथ्रोसाइट (लाल पेशी), ऑस्टिओसाइट (हाडातली पेशी) एकदमच कळतात, मग तिथूनच ऑस्टिओब्लास्ट म्हणजे हाड बनवणारी आणि ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड मोडणारी असं पुढे जायचं. दिवसाला चार-पाच रूट पुरेत, पण प्रत्येकाचे निदान तीन शब्द हवेतच.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक, जिच्याबद्दल वर्गात फार कमी बोललं जातं: दोन तुकड्यांचे अर्थ कळले म्हणजे शब्द कळला असं समजणं. हायड्रो म्हणजे पाणी, लायसिस म्हणजे तुटणं, म्हणून हायड्रोलायसिस म्हणजे पाण्याचं तुटणं असं मुलं बिनधास्त लिहितात, पण पाणी वापरून मोठा रेणू तोडणं ही तिथली मुख्य गोष्ट आहे. ग्लायकोलायसिसमध्ये मात्र खरोखर साखरच तुटते. आणि फोटोलायसिस? तिथे प्रकाश तुटत नाही, प्रकाशाने पाणी तुटतं. इथे आपलं मराठी व्याकरण भारी कामाला येतं, तत्पुरुष समासाचा विग्रह करतो ना तसाच करायचा. "पाण्याने तोडणं" ही तृतीया, "साखरेचं तुटणं" ही षष्ठी. प्रत्येक नव्या शब्दाला विचारा, मधला प्रत्यय "ने" आहे की "चा-ची-चं"? फोटोसिंथेसिसमध्ये सुद्धा प्रकाश बनत नाही, प्रकाशाच्या मदतीने अन्न बनतं.

हायपोटॉनिकचा घोळ पण याच जातीचा. हायपो म्हणजे कमी, ठीक, पण काय कमी आणि कुठे कमी? विरघळलेले पदार्थ कमी, आणि ते बाहेरच्या द्रावणात, पेशीच्या तुलनेत. म्हणून पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगते. फक्त "कमी" एवढंच लक्षात ठेवलेली मुलं पेशी आक्रसते असं लिहून येतात.

सारखे दिसणारे तुकडे. ऑटोट्रॉफमधला ट्रॉफ पोषणाचा (स्वयंपोषी), फोटोट्रॉपिझममधला ट्रॉप वळण्याचा. बायपेडमधला बाय म्हणजे दोन, त्याचा बायोशी संबंध नाही. ॲनएरोबिकमध्ये ॲन म्हणजे "विना", पण ॲनाफेजमधला (पेशी विभाजनाचा एक टप्पा) ॲना वेगळाच, त्यात नकार नाही. नकाराचा नियम तर आपल्याला आधीच येतो, व्यंजनाआधी अ (अयोग्य) आणि स्वराआधी अन् (अनावश्यक), ग्रीकमध्ये पण तसंच चालतं. अशा जोड्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिहा, वेगवेगळ्या दिवशी केल्या तर हमखास सरमिसळ होते.

काही शब्द जुन्या समजुतीतून आलेत, त्यांचा शब्दशः अर्थ उत्तरात लिहू नका. क्रोमोसोम म्हणजे "रंगीत वस्तू", कारण तो रंगद्रव्य चांगलं शोषून घेतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतो, हे नाव 1888 मध्ये शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी दिलं, त्याच्या कामाबद्दल ते काहीच सांगत नाही. व्हिटॅमिनमध्ये अमाइन (नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक प्रकार) दडलंय, 1912 मध्ये शास्त्रज्ञ फुंक यांना वाटलं होतं की हे पदार्थ अमाइन असावेत, पण व्हिटॅमिन सी अमाइन नाहीच.

मराठी संज्ञा सोडून देणं हे पण नुकसानच आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे मायटो धागा आणि कॉन्ड्रिऑन कण, आणि आपला शब्द काय, तंतुकणिका! मायटोसिस म्हणजे सूत्री विभाजन, तिथेही तोच धागा. दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहिले की निम्मी पाठांतराची कटकट संपते.

पेपरात अनोळखी शब्द दिसला तर शेवटाकडून सुरू करा. शेवटी एज असेल तर बहुतेक एन्झाइम, ओज असेल तर साखर (लॅक्टेज आणि लॅक्टोज यातला फरक एवढाच), आयटिस असेल तर दाह. मग सुरुवातीचा तुकडा बघा, विग्रह करा, आणि तो अर्थ प्रश्नातल्या वाक्यात घालून वाचा. वाक्य जुळत नसेल तर तुकडे कुठे पाडले ते आधी तपासा, बायोऐवजी बाय असं काहीतरी तिथेच सापडतं.